पन्नास सालचा कागद

सकाळी 9. आर्वीत माझं सेवा केंद्र आहे. शटर उघडायच्या आधीच ओट्यावर माणसं बसलेली. जून महिना, निकाल लागलेत, प्रवेश सुरू झालेत. जातीचा दाखला प्रत्येकाला आजच्या आज हवा.

9.30. पहिली मुलगी ओबीसी. तिच्या प्रवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. वडिलांनी फाईलच आणली आहे: आजोबांची टीसी, शेताचा जुना अधिकार अभिलेख, वंशावळ. नॉन क्रिमीलेअरसाठी 8 लाखांच्या मर्यादेतले उत्पन्नाचे कागदही तयार. स्कॅन केलं, पावती दिली. वावर असलेल्या घरात कागद असतोच.

10.15. बौद्ध मुलगा, इंजिनिअरिंगला जायचंय. अनुसूचित जातीसाठी तारीख 10 ऑगस्ट 1950. आजोबांच्या नावापुढे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात 'महार' आणि वडिलांच्या टीसीवर 'बौद्ध'. दोन नोंदी जुळत नाहीत म्हणून पोरगा घाबरलेला. मधे 14 ऑक्टोबर 1956 आहे, नागपूरची बौद्ध धम्मदीक्षा आहे. 1990 पासून बौद्धांना केंद्राच्याही अनुसूचित जातींच्या सवलती आहेत, हे त्याला समजावलं आणि वंशावळ नीट लिहून घेतली. आजोबा त्या काळात चौथीपर्यंत शिकले, म्हणून नातवाचं काम आज सोपं झालं.

11.30. सर्व्हर बंद. ओटीपी येत नाही. चहा.

12. बेड्यावरून, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरून, बाप-लेक आले. फासेपारधी. लेक बारावी पास, तिला नर्सिंग करायचंय.

"कागुद कुठून आणू ताई? माह्या बापानं शाळा पाह्यली नाही. वावर नाही, घर नाही."

अनुसूचित जमातीसाठी तारीख 6 सप्टेंबर 1950. त्या वर्षी हे लोक पालं टाकत फिरत होते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या माणसाकडे चोर म्हणून पाहायची नजर सरकारी करून टाकली होती. तो कायदा जाऊन या जमाती विमुक्त झाल्या त्या थेट 31 ऑगस्ट 1952 ला. ज्यांना गावात टिकू दिलं नाही, त्यांनी गावच्या दप्तरातली नोंद आणायची! जात प्रमाणपत्राचा राज्याचा 2000 चा कायदा पुराव्याची जबाबदारी अर्जदारावरच टाकतो. बनावट दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा गेल्या, म्हणून कडक कायदा हवाच होता, हे मला मान्य आहे. पण त्याचा जाच सगळ्यांत गरीब माणसाला सगळ्यांत जास्त होतो.

अमेरिकेत कॉलेजच्या अर्जावर वंशाच्या रकान्यात विद्यार्थी स्वतःच खूण करतात, दाखला लागत नाही. पण 29 जून 2023 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंश बघायलाच मनाई केली. आपल्याकडे आरक्षण राज्यघटनेत आहे. अडतं ते तिथवर पोचणाऱ्या वाटेवर.

2.30. बाप-लेकीला घेऊन अभिलेख कक्षात. विदर्भात जुन्या कोतवाल पंजीत जन्म-मृत्यूसोबत जातही लिहिलेली सापडते. नकलेचा अर्ज भरायला गाव सांगावं लागतं. बापाने तीन गावं सांगितली, जिथे आजोबा पाल टाकायचे. पहिल्या गावाच्या पंजीत काही नाही. दुसरीची पानं वाळवीने खाल्लेली.

4. बाहेर झाडाखाली बसून मी नात्यातली माणसं विचारत गेले. कोणी नोकरीला? कोणी शिकलेलं? बराच वेळ "नाही जी" चाललं. मग लेकच म्हणाली, "यवतमाळकडचा काका आहे ना, पोलिसात." बापाच्या सख्ख्या काकाचा मुलगा! त्याच्याकडे दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र आहे. वडिलांकडून रक्ताचं नातं असेल तर असा कागद मोठा आधार ठरतो. फोन लावला. तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला.

5.30. वंशावळ, शपथपत्र, चुलत्याच्या वैधतेची प्रत जोडून अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ऑनलाइन गेला. दाखला मिळाला तरी पुढे पडताळणीसाठी नागपूरची समिती आहेच. मूळ प्रत काकाकडून मागवायला सांगितलं.

7. शटर ओढलं.

मुख्याध्यापकांनो, 1950 च्या आधीची दाखल-खारीज रजिस्टरं शाळेत असतील तर या सुट्टीत ती स्कॅन करून घ्या. आणि ज्यांच्या घरी वैधता प्रमाणपत्र आहे, त्यांनी त्याची एकेक प्रत आपल्या सगळ्या भाऊबंदांकडे पोचवा.