शर्यतीच्या सारथ्यास काय विचारावें?

आमच्या पुतण्याच्या कॉलेजांतून वार्षिक अंक निघतो. यंदा त्या अंकासाठीं मोटारींच्या शर्यतींत उतरणाऱ्या एका धंदेवाईक सारथ्याची मुलाखत घेण्याचें काम त्याच्याकडे आलें आहे, आणि गेला आठवडाभर आमच्या घरीं जेवणाच्या पंगतीला दुसरा विषय नाहीं. चिरंजीवांनीं वीस प्रश्नांची एक यादी तयार केली व मोठ्या विश्वासानें आमच्यापुढें ठेवली. आम्हीं ती वाचली आणि वीसांपैकीं अठरा प्रश्नांवर काट मारली. त्यावरून घरांत जो वाद झाला, त्यांतूनच हा लेख निघाला आहे.

काट मारलेले प्रश्न वाचकांच्या परिचयाचे आहेत. 'वेगाची भीति वाटत नाहीं का?', 'आपला आदर्श कोण?', 'पहिलें बक्षीस मिळालें तेव्हां कसें वाटलें?', 'तरुणांना आपला संदेश काय?' यांत वावगें तें काय, असें पुतण्या विचारूं लागला. वावगें एवढेंच कीं, या प्रश्नांचीं उत्तरें तो मनुष्य झोपेंतहि देऊं शकेल. फॉर्म्युला वनच्या शर्यतींतील सारथ्यांना वार्ताहरांसमोर उभें राहणें नियमानेंच भाग असतें. शर्यतीच्या आधीं बोला, पात्रतेच्या फेऱ्यांनंतर बोला, शर्यत संपली कीं घाम पुसत पुन्हा बोला. आणि अशा शर्यती वर्षांत वीसांहून अधिक. तेच ते प्रश्न शेंकडों वेळां ऐकल्यावर उत्तरें नदीच्या गोट्यासारखीं गुळगुळीत व्हावयाचींच. फिनलंडचा किमी रायकोनेन या बाबतींत प्रसिद्धच होता. २००६ सालीं ब्राझीलच्या शर्यतीपूर्वीं मायकेल शूमाखर याचा सत्कार चालू असतां हा गृहस्थ तेथें हजर नव्हता. एका वार्ताहरानें त्याला त्याविषयीं छेडलें, तेव्हां आपण त्या वेळीं शौचास गेलों होतों, असें त्यानें अगदीं उघड्या शब्दांत साऱ्या जगाच्या कानांवर घातलें. उत्तर ग्राम्य खरें, वाचकांनीं क्षमा करावी; परंतु निदान तें पाठ केलेलें नव्हतें.

मग विचारावें तरी काय? आमचें मत असें कीं, गवयाला सुरांविषयीं आणि वैद्याला नाडीविषयीं विचारावें, तसें सारथ्याला प्रथम त्याच्या कामाविषयीं विचारावें, मनाविषयीं मागाहून. हातापायांच्या गोष्टी बोलतां बोलतां मन आपोआप उघडूं लागतें. उलट क्रमानें गेलें तर दोन्ही हातचीं जातात.

ब्रेकचेंच उदाहरण घेऊं. सरळ मार्गावरून ताशीं तीनशें किलोमीटरांहून अधिक वेगानें येणारी मोटार वळणापूर्वीं दीडशें मीटरांच्या आंत ताशीं शंभराच्या आसपास आणावी लागते. त्यासाठीं डाव्या पायानें ब्रेकवर शंभर किलोंहून अधिक भार द्यावा लागतो, आणि तोहि एका शर्यतींत शेंकडों वेळां. त्या क्षणीं शरीर आपल्या वजनाच्या सुमारें पांचपट जोरानें पुढें ओढलें जातें. हें ज्याला ठाऊक आहे तो 'भीति वाटते का?' असें विचारणार नाहीं. तो विचारील, 'ब्रेक लावण्याची नेमकी जागा आपण कशावरून ओळखतां? कडेच्या पाटीवरून, एकाद्या झाडावरून, कीं डांबरावरच्या डागावरून? आणि दुपार कलून सावली सरकली, किंवा ती पाटीच कोणी उडवून दिली, तर पुढच्या फेरीला काय करतां?' असा प्रश्न ऐकतांच समोरचा मनुष्य खुर्चींत सरसावून बसेल अशी आमची खात्री आहे.

स्मरणाविषयींचा प्रश्नहि असाच. स्कॉटलंडचे जॅकी स्टुअर्ट हे १९६९, १९७१ व १९७३ असे तीन वेळां जगज्जेते झाले. लहानपणीं त्यांना वाचतां येईना. शाळेंत मठ्ठ म्हणून त्यांची अवहेलना झाली, आणि हा डिस्लेक्सिया नांवाचा दोष आहे हें निदान त्यांना चाळिशी उलटतांना कळलें. मुळाक्षरें आपल्याला क्रमानें म्हणतां येत नाहींत, परंतु जर्मनींतील नुर्बुर्गरिंगच्या सुमारें तेवीस किलोमीटरांच्या मार्गावरील एकूण एक वळण, गिअर आणि ब्रेकची जागा आपण बसल्या जागीं सांगूं शकतों, असें ते स्वतः सांगत आले आहेत. ज्या घरांत आजोबांनीं वर्षानुवर्षें पाठ म्हणून सूक्तें कंठस्थ केलीं, त्या घरांतील वाचकांना हें फारसें नवल वाटूं नये. म्हणून आम्हीं पुतण्याला सुचविलें कीं, पाहुण्याला डोळे मिटावयास सांग, आणि आवडत्या मार्गाची एक फेरी तोंडानें म्हणून दाखवा म्हण. घड्याळ लाव. तो कोठें थांबतो, कोठें त्याचा हात नकळत वळतो, तें लिहून घे. प्रश्न एकच, पण अर्धी मुलाखत त्यांतच निघेल.

देहाच्या कष्टांविषयीं वाचकांच्या मनांत पुष्कळ गैरसमज असतो. बसून तर मोटार हांकावयाची, त्यांत व्यायाम कसला, असें आमच्याच घरांत एक वडील मंडळी म्हणाली. वास्तविक उष्ण हवेंतील एका शर्यतींत सारथ्याचें दोन-तीन किलो वजन नुसत्या घामानें उतरतें. ८ ऑक्टोबर २०२३ रोजीं कतार येथें झालेल्या शर्यतींत उष्म्यानें कहर केला. एस्तेबान ओकों याला शिरस्त्राणांतच वांती झाली, तरी त्यानें शर्यत पुरी केली. लोगन सार्जंट याला प्रकृति बिघडल्यामुळें शर्यत सोडावी लागली. तेव्हां 'थकवा येतो का?' हें न विचारतां 'शेवटच्या दहा फेऱ्यांत आपली पहिली चूक कोठें होते, हातांत, डोळ्यांत कीं हिशेबांत?' असें विचारावें.

विजयाविषयीं सारेच विचारतात, म्हणून आम्ही त्याचा विस्तार करीत नाहीं. पराजयानंतरच्या तासांविषयीं मात्र कोणी विचारीत नाहीं. १९८८ सालीं मोनॅको येथें ब्राझीलचा आयर्टन सेना जवळजवळ एक मिनिटानें आघाडीवर होता. अवघ्या अकरा-बारा फेऱ्या राहिल्या असतां त्याची मोटार कठड्यावर आदळली. तो उतरला तो तडक जवळच्या आपल्या बिऱ्हाडीं निघून गेला, आणि कित्येक तास त्याच्या संघालाहि त्याचा ठावठिकाणा लागला नाहीं. त्या बंद दाराआड काय घडलें असेल? आपल्या पाहुण्याच्या आयुष्यांतहि असें एकादें दार असेलच. 'हरल्यावर पहिले दोन तास आपण कोठें असतां आणि कोणाशीं बोलतां?' एवढें विचारून गप्प बसावें. गप्प बसणें हें मुलाखतीचें अर्धें शास्त्र आहे, आणि तें आमच्या पुतण्याला मुळींच येत नाहीं.

यशाचे कांहीं प्रकारहि चमत्कारिक असतात. कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन हा फॉर्म्युला वनमध्यें उतरलेला पहिला भारतीय. १९ जून २००५ रोजीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें त्याचा चौथा क्रमांक आला आणि त्याला पांच गुण मिळाले. परंतु त्या दिवशीं टायरांच्या धोक्यामुळें वीसांपैकीं चौदा मोटारी सुरुवातीलाच माघारीं वळल्या होत्या. शर्यत झाली ती सहांचीच. चिडलेल्या प्रेक्षकांनीं मार्गावर बाटल्या फेंकल्या. याला कोणी पहिल्या भारतीयाचे गुण म्हणून गौरव करतात, कोणी सहांतला चौथा म्हणून हिणवतात. दोन्ही पक्षांनीं विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे: लोक आपल्यावर ओरडत असतां, शर्यत संपेपर्यंत मोटार नीट हांकीत राहण्यासाठीं मनुष्य स्वतःला काय सांगतो?

आतां भीतीविषयीं. ती वर्ज्य नाहीं, पण तिला आडवाटेनें गांठावें. ऑस्ट्रियाचा निकी लाउडा १ ऑगस्ट १९७६ रोजीं नुर्बुर्गरिंगला आगींत भयंकर भाजला आणि सहा आठवड्यांत इटलींतील मोंझा येथें पुन्हा शर्यतींत उतरून चौथा आला. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. आम्हांला तिच्या पुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत जपानमधील फुजी येथें मुसळधार पावसांत दोन फेऱ्या झाल्यावर त्यानें मोटार आंत आणली व उतरला. जगज्जेतेपद त्यामुळें अवघ्या एका गुणानें गेलें. एंजिन बिघडलें असें आपण सांगूं, अशी पळवाट त्याच्या संघाच्या अभियंत्यानें देऊं केली होती; लाउडानें ती नाकारली. धैर्य मोंझाला अधिक होतें कीं फुजीला, हा वाद घरोघर रंगेल. सारथ्याला मात्र विचारावें, 'आपण मोटार हांकण्यास केव्हां नकार दिला आहे? आणि दिला नसल्यास, द्यावयास हवा होता असा प्रसंग कोणता?'

त्याच ओघांत मतपरिवर्तनाविषयीं विचारावें. सारथ्याच्या डोक्याभोंवतीं 'हेलो' नांवाचें धातूचें कडें बसविण्याची सक्ति २०१८ सालीं झाली, तेव्हां विरोध करणाऱ्यांत फ्रान्सचा रोमें ग्रोजां होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजीं बहरीन येथें पहिल्याच फेरींत त्याची मोटार लोखंडी कठडा फोडून गेली, तिचे दोन तुकडे झाले आणि भडका उडाला. अर्ध्या मिनिटाच्या आंत तो ज्वाळांतून चालत बाहेर आला. हात भाजले, डोकें वांचलें तें त्या कड्यामुळें, आणि त्यानें तें मोकळेपणानें कबूलहि केलें.

पैशाचा प्रश्न सभ्य मंडळी टाळतात. आम्हांला तो टाळूं नयेसा वाटतो, मात्र किती मिळतात असें विचारूं नये. किती गेले व कोणाचे गेले, तें विचारावें. हा खेळ लहानपणींच सुरू करावा लागतो आणि त्यांत घरचें सर्वस्व लागतें. वर ज्याचा उल्लेख आला त्या ओकोंच्या आईबापांनीं मुलासाठीं राहतें घर विकलें आणि कुटुंब फिरत्या गाडींत राहूं लागलें. लुइस हॅमिल्टनचे वडील एका वेळीं अनेक नोकऱ्या करीत. आपल्याकडे मुंबईचा जेहान दारूवाला किशोरवयांतच युरोपांत शर्यती करूं लागला आणि २०२० सालीं त्यानें फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. अशा प्रत्येक नांवामागें एक घर उभें असतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हां लोकांना पुढचा प्रश्न सुचावयास वेळ लागत नाहीं: 'आपल्या भावंडांच्या वांट्याचें काय काय आपल्याकडे आलें? तीं कधीं तें बोलून दाखवितात का?'

एवढें झाल्यावर यादी पुरी झाली असें आम्ही समजत होतों. इतका वेळ मातोश्री मटार सोलीत मुकाट्यानें ऐकत होत्या. त्या नातवाला म्हणाल्या, "अरे, एवढें सगळें विचारतोस, पण तो तिकडे पळवीत असतो तेव्हां त्याची आई कुठें बसलेली असते रे? आणि तिला तो खरें किती सांगतो?"

आम्ही निरुत्तर झालों, कारण या विषयांतील सर्वांत खोल गोष्टी तेथेंच आहेत. स्टुअर्ट यांच्या पत्नी हेलन शर्यतीच्या वेळीं मार्गाच्या कडेला घड्याळ घेऊन पतीच्या फेऱ्यांची वेळ टिपीत बसत. ज्या काळांत सारथ्यांचे मृत्यु वरचेवर होत, त्या काळांतली ही गोष्ट. १९७३ सालच्या वसंत ऋतूंत स्टुअर्ट यांनीं हंगामाअखेर निवृत्त होण्याचें ठरविलें. तें दोघातिघांना माहीत होतें, हेलनना नव्हतें. सांगितलें तर ती उरलेल्या शर्यती एक एक करून मोजीत बसेल, म्हणून त्यांनीं सांगितलें नाहीं. ६ ऑक्टोबरला अमेरिकेंतील वॉटकिन्स ग्लेन येथें सरावांत त्यांचा तरुण सहकारी फ्रांस्वा सेव्हेर ठार झाला. दुसऱ्या दिवशींची शर्यत स्टुअर्ट यांची शंभरावी ठरली असती. ती त्यांनीं केली नाहीं. हेलनना निवृत्ति कळली ती त्यानंतर.

दुसरी गोष्ट मोनॅकोच्या शार्ल लेक्लेर याची. २०१७ सालीं त्याचे वडील मृत्युशय्येवर होते. फॉर्म्युला वनशीं आपला करार झाला, असें त्यानें त्यांना सांगितलें. तो तेव्हां झालेला नव्हता. वडील वारले त्याच आठवड्यांत त्यानें बाकू येथें शर्यत जिंकली, आणि पुढच्या वर्षीं सांगितलेलें खरें ठरलें. ही गोष्ट त्यानें स्वतःच पुढें जगाला सांगितली.

'घरीं आपण काय सांगत नाहीं?' हा प्रश्न शेवटीं विचारावा, आणि तोहि पहिल्या प्रश्नांनीं विश्वास बसला असेल तरच. उत्तर देऊन 'हें छापूं नका' असें तो म्हणाला, तर छापूं नये. मुलाखत त्यामुळें अर्ध्या पानानें तोकडी होईल, होऊं द्यावी.

आम्हीं हा प्रश्न जरा ग्रंथिक भाषेंत मांडून पुतण्यापुढें केला. त्यानें तो वाचला, आमच्या शब्दांवर काट मारली, आणि वहीच्या शेवटच्या पानावर आजीचें वाक्य 'अरे' तेवढें गाळून जसेंच्या तसें उतरवून घेतलें. मुलाखत येत्या रविवारीं आहे.