भावगीत आणि अरुण दाते

ख्यालगायक एकच ओळ घटकाभर खुलवील. भावगीतगायकास मात्र थोड्या मिनिटांत कवीचे मनोगत श्रोत्यांच्या अंतःकरणी पोचवावे लागते. म्हणून येथे तानेपेक्षा स्पष्ट उच्चार व संयम यांचीच कसोटी अधिक.

याचा उत्तम नमुना म्हणजे ‘शुक्रतारा’ हे युगुलगीत होय. मंगेश पाडगांवकरांच्या या काव्यास श्रीनिवास खळे यांनी चाल दिली आणि १९६२ च्या सुमारास अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांनी ते गायिले.

दाते इंदूरचे, जन्म १९३४ चा. मुंबईस आले ते वस्त्रोद्योगाची विद्या शिकण्यास. परळ-लालबागच्या गिरण्या तेव्हा चालू होत्या. ती विद्या पोटास भाकरी देणारी होती. सुमारे २८ वर्षे नोकरी करूनही त्यांनी गाणे सोडले नाही. अखेर नोकरी सोडून ते गाण्यासच वाहून घेते झाले. त्यांचे २,५०० हून अधिक कार्यक्रम झाले. २०१८ साली ते निवर्तले.

मुलगा गुणगुणू लागला की अभ्यास बुडाला, असे पुष्कळ पालकांस वाटते. विद्यार्थिमित्रहो, छंद हा अभ्यासाचा वैरीच असतो असे आम्हांस वाटत नाही. दोहोंस वेळ मात्र नेमून द्यावा.