‘विल बिकम’ आणि क्रियाविशेषण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखादी गोष्ट पुढे कशी होईल हे सांगताना इंग्रजीत ‘बिकम’, ‘गेट’, ‘ग्रो’, ‘टर्न’, ‘गो’ ही क्रियापदे वापरली जातात. क्रियापदानंतर येणारा शब्द क्रियाविशेषणच असला पाहिजे, हा त्यांच्याबाबतचा सर्वांत चिवट गैरसमज आहे. ‘द वर्क विल बिकम ईझिली’ हे वाक्य त्यातूनच जन्मते. सोपे व्हायचे आहे ते काम, होण्याची क्रिया नव्हे. म्हणून येथे ‘ईझी’ हे विशेषणच हवे. मराठीत ‘काम सोपे होईल’, ‘परीक्षा सोपी होईल’ असे रूप बदलते आणि विशेषण आपोआप ओळखू येते. इंग्रजी विशेषण नामाप्रमाणे बदलत नाही, म्हणून ते चटकन लक्षात येत नाही.

‘-ली’ने संपणारा प्रत्येक शब्द क्रियाविशेषण असतो, हेही खरे नाही. ‘लोनली’, ‘फ्रेंडली’, ‘अग्ली’ ही विशेषणे आहेत आणि ‘शी विल बिकम लोनली’ हे वाक्य निर्दोष आहे. ‘शी विल गेट वेल’ मधला ‘वेल’सुद्धा विशेषणच, कारण तेथे त्याचा अर्थ ‘बरी’ असा आहे.

मात्र ‘बिकम’ सोडले तर वर दिलेली क्रियापदे दुहेरी कामाची आहेत. ‘द मिल्क विल गो बॅड’ म्हणजे दूध नासेल; ‘द मीटिंग विल गो बॅडली’ म्हणजे बैठक नीट पार पडणार नाही. पहिल्या वाक्यात ‘गो’ म्हणजे होणे, दुसऱ्यात घडत जाणे. तसेच ‘ग्रो टॉल’मध्ये उंच होणे आहे, तर ‘ग्रो स्लोली’मध्ये सावकाश वाढणे. तेव्हा ‘या क्रियापदांपुढे क्रियाविशेषण कधीच येत नाही’ असा नियम पाठ करणेही चुकीचेच.

क्रियाविशेषणाच्या जागेविषयी एक जुनी भीती आहे: ‘विल’ आणि ‘बिकम’ यांची फारकत करू नये. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालण्यावर एकोणिसाव्या शतकात टीका होऊ लागली. हेन्री अल्फर्ड यांनी 1864 मध्ये त्याविरुद्ध लिहिले. तीच बंदी पुढे साहाय्यक क्रियापदांनाही लावली गेली. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी 1926 च्या आपल्या प्रसिद्ध कोशात ही भीती निराधार ठरवली. प्रत्यक्षात ‘सून’, ‘प्रॉबेबली’, ‘इव्हेन्च्युअली’ यांची सर्वांत स्वाभाविक जागा तीच आहे: ‘ही विल सून बिकम अ डॉक्टर’. साहाय्यक क्रियापदे दोन असली तर हे शब्द सहसा पहिल्यानंतर येतात: ‘विल प्रॉबेबली हॅव बिकम’.

याउलट ‘ही विल बिकम सून अ डॉक्टर’ खटकते. ‘तो डॉक्टर लवकरच होईल’ आणि ‘तो लवकरच डॉक्टर होईल’ ही दोन्ही वाक्ये मराठीत चालतात; इंग्रजीत एवढी मोकळीक नाही. ‘बिकम’ आणि पुढचे नाम किंवा विशेषण यांच्यामध्ये सहसा काही घालत नाहीत. पुढचा शब्दसमूह बराच लांब असेल किंवा क्रियाविशेषण स्वल्पविरामांत बसवले असेल, तरच अपवाद होतो.

विशेषणाचेच प्रमाण सांगणारे क्रियाविशेषण मात्र ‘बिकम’नंतरच हवे. ‘विल बिकम रिअली कोल्ड’ म्हणजे खूपच गार होईल. ‘विल रिअली बिकम कोल्ड’ म्हणजे खरोखरच गार होईल. जागा बदलली की अर्थ बदलतो, शैली नव्हे.

नकारार्थी वाक्यात आणखी एक पेच आहे. ‘वोन्ट प्रॉबेबली बिकम’ कानाला खटकते. रूढ रचना ‘प्रॉबेबली वोन्ट बिकम’ अशी. यावरून क्रियाविशेषण नेहमी ‘वोन्ट’च्या आधीच ठेवावे असे अनेकांना वाटते, पण ‘वोन्ट नेसेसरिली बिकम’ हे अगदी बरोबर आहे. पहिल्या वाक्यात न होण्याची शक्यता सांगितली जाते, म्हणून शक्यता नकाराच्या बाहेर राहते. दुसऱ्यात होईलच या खात्रीला नकार आहे, म्हणून ‘नेसेसरिली’ नकारानंतर येते.