झाड चुकले, तरी मूर्च्छा आली
गोव्यातल्या तुयेहून शापोरा नदी ओलांडली की बार्देश. तिथल्या कांदोळीत १७५६ साली संमोहनाचे अभ्यासक आबे फारिया जन्मले.

त्यांच्या काळात, अदृश्य चुंबकीय द्रवाने रोग बरे होतात, असा मेस्मर या वैद्याच्या अनुयायांचा दावा होता. १७८४ मध्ये फ्रेंच राजाच्या चौकशी समितीसमोर (फ्रँकलिन आणि लाव्हाझिए तीत होते) एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून बागेत फिरवले; तिथले एकच झाड त्या द्रवाने ‘भारलेले’ होते. तो मूर्च्छित पडला, पण न भारलेल्या झाडापाशी! द्रव नाही, ही कल्पनाशक्तीच, असे समितीने ठरवले.

मला मोलाचा वाटतो तो फारियांचा पुढचा प्रश्न: मग कल्पना एवढे करते कशी? १८१३ पासून पॅरिसमध्ये ते चुंबकाविना, ‘झोपा’ एवढ्या आज्ञेने लोकांना निद्रेत नेऊन दाखवत. या झोपेचे कारण झोपवणाऱ्यात नसते, झोपणाऱ्यात असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.