पिढ्यांची साखळी : भिन्नकालीन गोल्फपटूंच्या कौशल्याची तुलना

अमेरिकेतील ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धा १९६५ साली जॅक निकलॉसने २७१ फटक्यांत जिंकली. १९९७ साली त्याच मैदानावर टायगर वुड्सला २७० फटके पुरले. एवढ्यावरून वुड्स सरस ठरतो काय? मैदानाचे नाव तेच असले, तरी दरम्यान तेथील हिरवळींच्या गवताची जात बदलली होती आणि चेंडू व काठ्या यांची घडणही पूर्वीची राहिली नव्हती. विजयाचे अंतर मोजावे, तर ते प्रतिस्पर्ध्यांवर अवलंबून. थोरल्या टॉम मॉरिसने १८६२ ची ब्रिटिश ओपन १३ फटक्यांनी जिंकली, परंतु तेव्हा स्पर्धक मूठभर होते.

भाषेच्या अभ्यासकास ही अडचण परिचित आहे. ज्ञानेश्वरीची मराठी आज टीपांवाचून पुरती उलगडत नाही. तथापि मधल्या सात शतकांत आजोबांचे बोलणे नातवास कळेनासे झाले, अशी पिढी दाखविता येणार नाही. दोन टोके परस्परांस दुर्बोध असली, तरी मधली प्रत्येक कडी शेजारच्या कडीत गुंतलेली असते.

बेरी, रीझ आणि लार्की या संशोधकांनी १९९९ साली नेमका हाच मार्ग गोल्फसाठी (आणि बेसबॉल व हॉकीसाठीही) अवलंबिला. एका दिवशी, एका मैदानावर खेळणाऱ्या सर्वांना वारा, गवत आणि मैदानाची काठिण्यपातळी समानच असते. म्हणून त्यांच्यातील फरक हा कौशल्य, वय आणि दैव यांचाच असला पाहिजे. असे सहस्रावधी फरक एकत्र गुंफले म्हणजे कधीही समोरासमोर न आलेले खेळाडूही एका मापावर बसविता येतात.

या कड्या काही ठिकाणी अक्षरशः डोळ्यांना दिसतात. १९२० च्या अमेरिकन ओपनमध्ये पन्नास वर्षांचा हॅरी व्हार्डन आणि अठरा वर्षांचा बॉबी जोन्स एकत्र खेळले. १९६० साली त्याच स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी सत्तेचाळीस वर्षांच्या बेन होगनच्या जोडीला वीस वर्षांचा निकलॉस होता; आणि २००० च्या पीजीए स्पर्धेत साठीचा निकलॉस चोवीस वर्षांच्या वुड्सबरोबर उतरला. जोन्स आणि होगन यांच्यामधला दुवा म्हणून जीन सॅराझेन पुरेसा आहे.

परंतु या आकड्यांचे सरळ वाचन फसवे आहे. १९२० साली व्हार्डनने जोन्सला तीन फटक्यांनी मागे टाकले. मात्र एकाचा बहर ओसरला होता आणि दुसऱ्याचा यावयाचा होता. तेव्हा वयाचा हिशेब वजा केल्याविना पुढे जाता येत नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते खरी जोखीम येथेच आहे. स्वॉडेशने शब्दसंग्रहाच्या ऱ्हासाचा वेग सर्व भाषांत समान मानून त्यांचे वय काढू पाहिले. १९६२ साली बर्गस्लॅंड व फोग्ट यांनी आइसलॅंडिकचे उदाहरण पुढे करून त्या गृहीतकास धक्का दिला, कारण ती भाषा त्या वेगाने झिजलीच नव्हती. गोल्फमधील आइसलॅंडिक म्हणजे सॅम स्नीड. १९७४ च्या पीजीए स्पर्धेत, बासष्टाव्या वर्षी, तो विजेत्या ट्रेव्हिनोपासून तीनच फटके दूर, संयुक्त तिसरा राहिला. अशा खेळाडूवर सरासरीची जरा लादली, तर त्याच्या उतारवयाच्या प्रत्येक चांगल्या फेरीमुळे त्याच्याबरोबर खेळणाऱ्या तरुणांचे मोल अकारण घटते. उपरोक्त संशोधक वयाचा परिणाम व्यक्तिगणिक बदलू देतात, हे त्यांच्या कार्याचे मोठे बल होय. मात्र ज्याच्या फेऱ्या थोड्या, त्याच्याबाबत पुन्हा सरासरीचाच आधार घ्यावा लागतो. अठ्ठाविसाव्या वर्षी, १९३० साली, एकाच वर्षात चार अजिंक्यपदे मिळवून स्पर्धांतून निवृत्त झालेला जोन्स अशांपैकीच एक.

साखळी सर्वत्र सारख्याच जाडीची नाही, हेही ध्यानात ठेवावे. ब्रिटिश ओपन १९१५ ते १९१९ आणि पुन्हा १९४० ते १९४५ या काळात झालीच नाही. हस्तलिखितांच्या परंपरेत मधली पाने गहाळ व्हावीत, तशी ही वर्षे आहेत. वुड्स व निकलॉस यांच्यातील निर्णय बऱ्याच विश्वासाने देता येईल; वुड्स व व्हार्डन यांच्यातील निर्णयाला मात्र या दोन्ही खिंडारांवरून उडी घेऊनच यावे लागते.