महाविद्यालयीन कामकाजात रिमोट डेस्कटॉप : मांडणी, अडचणी व सुरक्षिततेचा प्रश्न

प्रस्तावना :

महाविद्यालयाचे कामकाज संगणकाविना चालत नाही, हे विधान आता नवे राहिलेले नाही. परंतु हे काम ज्या संगणकात साठविलेले असते तो विभागाच्या टेबलावर राहतो आणि प्राध्यापक सायंकाळी घरी जातो, ही अडचण कायम आहे. बारामती एमआयडीसीच्या परिसरात अध्यापन करणारे आपल्यापैकी अनेक जण इंदापूर, भिगवण, फलटण अशा ठिकाणांहून ये-जा करतात. इंदापूर ते बारामती हे अंतर सुमारे ५० किलोमीटरचे. नॅकच्या वार्षिक गुणवत्ता अहवालाची मुदत रविवारी रात्री संपत असेल आणि आवश्यक तक्ता विभागातील संगणकात असेल, तर त्या एका फाइलसाठी १०० किलोमीटरचा प्रवास घडतो. मार्च २०२० मधील टाळेबंदीत तर तोही मार्ग बंद झाला. त्या काळात रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दूरच्या संगणकाचा पडदा, कळफलक व माउस आपल्या हाती देणारी प्रणाली, अनेक महाविद्यालयांत घाईघाईने बसविली गेली. घाईत बसविलेली ती व्यवस्था नंतर कोणी तपासली का, हा प्रस्तुत लेखामागील प्रश्न आहे.

या प्रश्नाला एक स्थानिक संदर्भ आहे. ज्या महामंडळाच्या नावाने आपला परिसर ओळखला जातो त्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सर्व्हरवर २१ मार्च २०२१ रोजी, रविवारी पहाटे, ‘सिनॅक’ या खंडणीखोर प्रोग्रामचा हल्ला झाला. सर्व्हरमधील माहिती कूटबद्ध झाली, निरनिराळ्या कार्यालयांतील काही संगणकही बाधित झाले आणि ऑनलाइन सेवा खंडित झाल्या. या घटनेचे मूळ रिमोट डेस्कटॉपमध्येच होते असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु सिनॅक हे नाव २०१७ मध्ये प्रथम पुढे आले, तेव्हा त्याच्या प्रसाराचा ओळखला गेलेला मार्ग इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या रिमोट डेस्कटॉपचे पासवर्ड तर्काने शोधून आत शिरणे हाच होता.

संकल्पना :

रिमोट डेस्कटॉपमध्ये प्रोग्राम दूरच्या संगणकावरच चालतो. आपल्याकडे येते ते केवळ त्याच्या पडद्याचे चित्र आणि आपल्याकडून जातात त्या कळा व माउसच्या हालचाली. मराठी वापरकर्त्याला याचा एक लाभ चटकन जाणवतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेली प्रश्नपत्रिका घरच्या संगणकावर उघडली तर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात; रिमोट डेस्कटॉपद्वारे पाहिली तर ती शुद्ध दिसते, कारण फाँट तेथेच आहे आणि आपण फक्त चित्र पाहत आहोत.

मायक्रोसॉफ्टने ही सोय १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत आणली व २००१ च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलमुळे ती सामान्य कार्यालयात पोचली. केंब्रिज येथील प्रयोगशाळेत जन्मलेली व्हीएनसी ही साधारण त्याच दशकातील दुसरी परंपरा होय. पुढे टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप, रस्टडेस्क ही नावे आली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भेद एवढाच की, विंडोजचे रिमोट डेस्कटॉप व व्हीएनसी थेट संगणकाशी जोडणी करतात, तर नंतरच्या प्रणाली सहसा मधल्या सर्व्हरच्या साह्याने दोन्ही टोकांची गाठ घालून देतात.

ही गाठ घालावी का लागते? महाविद्यालयातील संगणकाचा आयपी पत्ता १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होत असेल तर तो खासगी पत्ता आहे. जुन्या वाड्यातील खोली क्रमांकासारखे त्याचे स्वरूप असते. वाड्याच्या आत ‘तिसरी खोली’ म्हटले की कळते. गावाबाहेरच्या माणसाला वाड्याचा पत्ता लागतो. तो बाहेरचा पत्ता राउटरकडे असतो. पुष्कळदा तोही सेवापुरवठादाराने अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, म्हणजे वाड्याला स्वतःचा असा पत्ताच उरत नाही. त्यामुळे विभागात शेजारच्या संगणकावरून यशस्वी झालेली जोडणी घरून होत नाही. यात सॉफ्टवेअरचा दोष नसतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

मांडणी :

विंडोजच्या होम आवृत्तीवरून दुसऱ्या संगणकात जाता येते, परंतु तिच्यात बाहेरून कोणाला येता येत नाही. त्यासाठी प्रो, एज्युकेशन किंवा एंटरप्राइज आवृत्ती लागते. सेटिंग्जमधील सिस्टीम या भागात रिमोट डेस्कटॉप सुरू करावे आणि कोणत्या वापरकर्त्यांना प्रवेश आहे ते तेथेच नोंदवावे. हे खाते प्रशासकाचे नसावे. नेटवर्क पातळीवरील ओळख तपासणीचा पर्याय चालूच ठेवावा. त्यामुळे पासवर्ड पटल्याशिवाय दूरच्या संगणकाचा पडदा उघडत नाही.

संगणकाचा खासगी पत्ता बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो राखून ठेवावा. संगणक काही वेळाने झोपी जाण्याची व्यवस्था बंद करावी आणि वीज गेल्यानंतर परत येताच तो आपोआप सुरू व्हावा अशी निवड बायोसमध्ये करावी. आपल्या भागात हा दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

घरून जोडणीसाठी दोन मार्ग योग्य म्हणता येतील. महाविद्यालयाकडे व्हीपीएन असेल तर प्रथम त्यातून ‘वाड्यात’ शिरावे व मग विंडोजचे रिमोट डेस्कटॉप वापरावे. व्हीपीएन नसेल तर मधल्या सर्व्हरची प्रणाली घ्यावी. मात्र कायमचा पासवर्ड लांब ठेवावा, दोन टप्प्यांची ओळख चालू करावी आणि ठरावीक उपकरणांनाच परवानगी द्यावी. टीमव्ह्यूअर व एनीडेस्क यांची मोफत आवृत्ती वैयक्तिक वापरासाठी आहे. महाविद्यालयाचे काम त्यात बसत नाही, आणि तसा संशय आला की जोडणी मध्येच तुटू लागते. पुष्कळ जण याला इंटरनेटचा दोष मानून राउटर बदलतात!

अडचणी व त्यांचा शोध :

जोडणी होत नाही तेव्हा प्रथम सेटिंग बदलण्याचा मोह टाळावा. दोष कोठे आहे हे ठरल्यावरच हात लावावा. सर्वांत आधी दूरध्वनी करून कार्यालयातील सेवकांना संगणकाचा दिवा लागला आहे का, एवढेच विचारावे. महाविद्यालयांत सायंकाळी शेवटी जाणारी व्यक्ती सुरक्षिततेसाठी मेन स्विच बंद करते. प्रस्तुत लेखकाने दोन तास फायरवॉल तपासल्यानंतर हे कारण सापडल्याचा अनुभव घेतला आहे.

संगणक चालू असेल तर त्याच इमारतीतील दुसऱ्या संगणकावरून जोडणी करून पाहण्यास सांगावे. ती झाली तर दोष बाहेरच्या वाटेवर आहे; झाली नाही तर त्या संगणकात किंवा आतल्या नेटवर्कमध्ये. येथे एक नेहमीचे कारण असे की, विंडोज नव्या नेटवर्कला ‘सार्वजनिक’ मानते. मग संगणकाचे नाव इतरांना सापडत नाही आणि पिंगलाही तो उत्तर देत नाही. संगणक बंद आहे असा चुकीचा निष्कर्ष त्यातून निघतो. नावाऐवजी थेट आयपी पत्ता देऊन पाहावे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल व स्विच पाहावा.

जोडणी होते पण प्रवेश नाकारला जातो, तेव्हा प्रश्न खात्याचा असतो. प्रयोगशाळेतील संगणकांना बहुधा पासवर्डच नसतो आणि विंडोज रिकाम्या पासवर्डच्या खात्याला दुरून प्रवेश देत नाही. हा दोष नसून संरक्षण आहे. धोरण बदलून ते काढू नये, खात्याला पासवर्ड द्यावा. रोज चार आकडी पिन वापरणाऱ्याला मूळ पासवर्ड आठवत नाही, हे दुसरे कारण. पिन त्या एका संगणकापुरता असतो. तो दुरून चालत नाही. ‘क्रेडएसएसपी’ हा शब्द असलेला संदेश आला तर एक टोक अद्ययावत व दुसरे जुने आहे असे समजावे. २०१८ मधील सुरक्षा सुधारणांनंतर हा संदेश दिसू लागला. रजिस्ट्रीत बदल करून तो दडपण्याचा उपाय सहज सांगितला जातो, परंतु खरा उपाय जुन्या टोकाचे अद्यतन हाच आहे.

पडद्याच्या तक्रारी वेगळ्या असतात. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने प्रवेश केला की तेथील पडदा कुलूपबंद होतो. त्या संगणकावर बसलेला सहकारी आपल्यामुळे बाहेर पडतो, म्हणून आधी विचारावे. मधल्या सर्व्हरच्या प्रणालीत मॉनिटर बंद किंवा काढलेला असल्यास काळा पडदा येऊ शकतो. प्रशासकाची परवानगी मागणारी चौकट उघडताच पडदा गोठला, तर ती प्रणाली तेथे रीतसर स्थापित न करता नुसतीच चालविलेली असते. मराठी टंकन करताना दोन्ही टोकांना इनस्क्रिप्ट चालू राहिल्यास अक्षरे विसकटतात. आपल्या बाजूचा कळफलक इंग्रजी ठेवून भाषा तेथेच बदलावी.

दार कोणत्या दिशेला आहे :

वरील अडचणींनी त्रस्त झालेल्याला कोणीतरी एक सोपा उपाय सुचवितो : राउटरवर ३३८९ हा पोर्ट उघडा. विंडोजचे रिमोट डेस्कटॉप याच पोर्टवर चालते. तो बाहेरच्या जगाला उघडला की जोडणी तत्काळ होते. आमच्या विभागात एका अहवालाच्या धावपळीत बाहेरून आलेल्या तंत्रज्ञाने हेच केले आणि आम्ही त्याचे आभार मानले. पुढे संगणक वारंवार मंदावू लागला. अयशस्वी प्रवेशांची नोंद चालू करून पाहिली तेव्हा ४६२५ या क्रमांकाच्या नोंदींची पानेच्या पाने भरलेली होती. ‘अॅडमिनिस्ट्रेटर’, ‘टेस्ट’, ‘यूजर’ अशा नावांनी अनोळखी पत्त्यांवरून रात्रभर प्रयत्न सुरू होते. त्याच संगणकात दोन वर्गांचे अंतर्गत गुण होते, विद्यार्थ्यांचे दूरध्वनी क्रमांक होते आणि त्या फाइलींची दुसरी प्रत कोठेही नव्हती. पोर्ट त्याच दिवशी बंद केला. पोर्टचा क्रमांक बदलणे हा उपाय नव्हे, कारण शोधणारे प्रोग्राम सर्व क्रमांक चाचपतात.

पासवर्ड उत्तम असला तरी उघडे दार पुरेसे सुरक्षित नसते. मे २०१९ मध्ये प्रकाशात आलेल्या ‘ब्ल्यूकीप’ या त्रुटीला पासवर्डची गरजच नव्हती. ती इतकी गंभीर मानली गेली की, ज्याचा पाठिंबा २०१४ मध्येच संपला होता त्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. विंडोज ७ चा पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये व विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. आपल्या प्रयोगशाळांतील संगणकांची यादी या तारखांशी ताडून पाहावी.

मधल्या सर्व्हरच्या प्रणालीत पोर्ट उघडावा लागत नाही. तेथे धोका माणसाच्या बाजूने येतो. बँकेचा अधिकारी असल्याचे भासवून एनीडेस्क घ्यावयास लावायचे, नऊ आकडी क्रमांक विचारायचा व यूपीआयमधून पैसे काढायचे, या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. असे घडल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द एनीडेस्कने आपल्या सर्व्हरमध्ये शिरकाव झाल्याचे जाहीर करून ग्राहक-पोर्टलचे पासवर्ड रद्द केले. महाविद्यालयाचे सॉफ्टवेअर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाकडे आपल्या संगणकाचा कायमचा पासवर्ड असतो का, हेही विचारण्यासारखे आहे.

आमच्या विभागात आता तसा पासवर्ड कोणाकडेही नाही. तंत्रज्ञाला काम असेल तेव्हा एकदाच चालणारा पासवर्ड दूरध्वनीवर सांगितला जातो, काम संपेपर्यंत विभागातील एक जण पडद्यासमोर बसतो आणि हजेरीपटाशेजारच्या वहीत वेळ लिहून ठेवली जाते. अंतर्गत गुणांची प्रत दर शनिवारी बाह्य डिस्कवर घेतली जाते व ती डिस्क लगेच काढून कपाटात ठेवली जाते, कारण जोडलेली राहिलेली डिस्क संगणकाबरोबरच कूटबद्ध होते.