गाळ्याच्या दारातला उजेड

माणसाचा चांगला फोटो काढायला स्टुडिओ लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी सकाळी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एक फेरी मारावी. बाजार समितीचे (एपीएमसीचे) हे गाळे बांधले व्यापारासाठी. पण पोर्ट्रेटसाठी याहून उत्तम जागा मला नवी मुंबईत सापडलेली नाही. वर स्लॅब, आत थप्पीला लावलेल्या गोण्या, त्यांच्यामागे अंधार, आणि उजेड येतो तो समोरच्या उघड्या शटरातून, एकाच बाजूने.

माणूस शटरच्या आत दोन पावलं उभा राहिला की ऊन टळतं आणि उजेड भरपूर मिळतो. त्याने तोंड सरळ दाराकडे न करता जरा तिरकं उभं राहावं. एक गाल उजळतो, दुसरा सावलीत जातो. नाक, कपाळ, जबडा यांना उठाव येतो. डोळ्यांत दाराचा छोटा चौकोन चमकू लागतो. ती चमक नसेल तर फोटोतला डोळा विझलेला दिसतो. माणूस आणखी आत सरकला तर उजेड झपाट्याने उतरतो. सावल्या गडद आणि सुंदर होतात, पण मग हात स्थिर हवा.

अशा ठिकाणी कॅमेरा हमखास फसतो. मागचा अंधार पाहून तो सगळं चित्र उजळायला जातो आणि चेहरा पांढराफटक करतो. म्हणून एक्स्पोजर मुद्दाम स्टॉपभर खाली आणायचं. सावळ्या, घामेजल्या कातडीची झळाळी तेव्हाच टिकते. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढली की तेच काम होतं. ब्युटी मोड मात्र आधी बंद करावा. उन्हापावसाने कोरलेल्या सुरकुत्या पुसून टाकायच्या, तर फोटो काढायचाच कशाला?

बाजारात आणखी एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे उसन्या रंगाची. कांद्याच्या लाल जाळीदार पिशव्यांवर ऊन पडलं की शेजारच्या माणसाच्या गालावर लाली चढते. निळ्या ताडपत्रीखाली तोच माणूस आजारी दिसतो. तागाच्या गोण्या सावलीत ऊब भरतात. हापूसच्या दिवसांत फळ मार्केटात पेट्यांतून निघालेलं सुकं गवत पसरलेलं असतं, त्याचा पिवळसर उजेड हनुवटीखालून वर येतो. हजारोंचे रिफ्लेक्टर घेण्याआधी आजूबाजूला काय पसरलंय ते पाहावं.

अंतराचंही तसंच. मोबाईल हातभर अंतरावर धरला की नाक फुगतं आणि कान मागे पळतात. दोष लेन्सचा नसतो, आपण फार जवळ गेलेलो असतो. पाच-सहा फूट मागे सरून दुपटीचा झूम लावला की चेहरा स्वतःच्या मापात येतो. कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. माणूस गोणीवर बसला असेल तर आपणही खाली बसावं.

आता मला खरं सांगायचंय ते. या बाजारात गोण्या वाहणाऱ्या माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली स्वतंत्र कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं. पण या कामगारांचे छापून येणारे बहुतेक फोटो पाहा: ओझ्याखाली वाकलेली पाठ आणि गोणीआड गेलेला चेहरा. कष्ट दिसतात, माणूस दिसत नाही. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांनी (१९५०–२०११) लता मंगेशकरांपासून सिनेतारकांपर्यंत अनेकांचे चेहरे किती जीव लावून टिपले! ‘चेहरे’ हे त्यांचं पुस्तक चाळताना दर वेळी वाटतं, उजेडाची एवढी निगा या माणसांच्याही वाट्याला यायला हवी.

म्हणून गोणी खाली उतरल्यावरच फोटो काढावा. आधी विचारावं. रात्री आलेल्या गाड्या रिकाम्या होईपर्यंत कुणाला बोलायला सवड नसते. चहाच्या वेळी असते. ‘हसा’ म्हटलं की माणूस ताठ होतो. ‘मामा, गाव कुठलं?’ विचारलं की खांदे आपोआप सैल पडतात.

“पाटणकडचं,” एक मामा म्हणाले. खांद्यावरच्या टॉवेलने त्यांनी तोंड पुसलं. यंदा गावाकडे भात कसं आलंय ते सांगताना नजर दाराबाहेर गेली, हातातला हूक मांडीवर टेकला. मी तेवढंच टिपलं. हात फ्रेममध्ये घ्यायला विसरू नये. त्या बोटांत चेहऱ्याइतकंच आयुष्य असतं.

“काढला ना? मग आम्हाला कधी दाखवणार?” मामांनी विचारलं.

हा प्रश्न रास्त आहे. तुम्हीही कुणाचा असा फोटो काढलात तर त्याची प्रिंट काढा आणि त्याच गाळ्यावर नेऊन त्या माणसाच्या हातात द्या. इतरांना दाखवायचा की नाही, हे त्याला विचारूनच ठरवा.